दर ५ सेकंदांनी ‘बस कुठे आहे?’ विचारणारं ॲप: सर्व्हरकडे जाणाऱ्या रिक्वेस्ट कमी कशा करायच्या?

तुमची अडचण मला अशी समजली: शाळेच्या बस दाखवणारं ॲप आहे. सकाळी ३,००० पालक ते उघडून बसतात आणि प्रत्येक फोन दर ५ सेकंदांनी सर्व्हरला बसची जागा विचारतो. बस मात्र आपली जागा दर १५ सेकंदांनीच कळवते. सर्व्हर धापा टाकतोय आणि तुम्ही विचारताय, वेबसॉकेट (फोन आणि सर्व्हरमधलं सतत उघडं राहणारं कनेक्शन) लावू की मोठा सर्व्हर घेऊ?

मी म्हणेन, आज दोन्ही नको. आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब करा. ३,००० फोन दर ५ सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ६०० रिक्वेस्ट. दीड तासात ३२ लाख ४० हजार. बस १५ सेकंदांतून एकदा बोलते, म्हणजे तीनातल्या दोन रिक्वेस्टना नवं उत्तर मिळणं शक्यच नाही. बस सिग्नलला उभी असेल तर तिसरीलाही नाही. सर्व्हर दमतोय तो बसची जागा सांगून नाही, ‘अजून तेच आहे’ हे लाखो वेळा सांगून.

हा आजार जुना आहे आणि त्याची उत्तम नोंदही झालेली आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० च्या दशकात अँड्र्यू फाइल सिस्टिम बांधली जात होती. विद्यार्थ्यांच्या संगणकांनी सर्व्हरवरची फाइल आणून आपल्या डिस्कवर ठेवायची, अशी तिची रचना. पहिल्या आवृत्तीत फाइल उघडताना दर वेळी संगणक सर्व्हरला विचारायचा, ‘माझ्याकडची प्रत अजून ताजी आहे ना?’ जॉन हॉवर्ड, एम. सत्यनारायणन आणि सहकाऱ्यांनी सर्व्हरकडे येणारे कॉल मोजले आणि १९८८ च्या शोधनिबंधात आकडे दिले. सुमारे ६२ टक्के कॉल निव्वळ ‘प्रत ताजी आहे ना’ विचारणारे, आणखी सुमारे २७ टक्के फाइलची माहिती विचारणारे. प्रत्यक्ष फाइल आणणं आणि परत ठेवणं हे खरं काम मिळून ६ टक्क्यांच्या आसपास!

त्यांनी विचारण्याची दिशाच उलटी केली. फाइल देताना सर्व्हर वचन देऊ लागला: ‘ही बदलली तर मी कळवीन, तोवर विचारू नकोस.’ याला त्यांनी कॉलबॅक म्हटलं. इतरही सुधारणा सोबत होत्या, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या कॉलबॅकला देता येणार नाही, पण जो सर्व्हर २० क्लायंटना, म्हणजे त्याला विचारणाऱ्या संगणकांना, कसाबसा पुरायचा तो ५० क्लायंट सांभाळू लागला. मला हा निबंध फार प्रिय आहे, कारण त्यात आधी मोजलंय आणि मग बदललंय. तुम्हीही आज रात्री सर्व्हरच्या लॉगमधून (त्याने ठेवलेल्या नोंदींतून) एवढं काढा: एकूण रिक्वेस्ट किती, त्यांतल्या किती उत्तरांत मागच्या उत्तरापेक्षा काही वेगळं होतं, आणि ॲप उघडल्यावर पहिल्या पडद्यासाठी किती रिक्वेस्ट जातात.

आता वेबसॉकेट. तो कॉलबॅकचाच आजचा अवतार आहे आणि चांगला आहे. एकदा कनेक्शन जोडलं की सर्व्हरकडून येणाऱ्या छोट्या संदेशावर फक्त २ बाइटचं वेष्टण चढतं, तर साध्या एचटीटीपी (वेबवरच्या नेहमीच्या) रिक्वेस्टचे हेडर, म्हणजे तिचं वेष्टणच, कित्येकदा काहीशे बाइट असतात. पण वचन दिलं की ते लक्षात ठेवावं लागतं. कोणता पालक कोणत्या बसची वाट बघतोय याची यादी सर्व्हरला सांभाळावी लागते. फोन बोगद्यात गेला, वायफायवरून मोबाइल डेटावर आला, तर कनेक्शन तुटतं आणि सर्व्हरला ते लगेच कळतही नाही. मोबाइल कंपन्यांची यंत्रणा काही मिनिटं शांत राहिलेलं कनेक्शन गुपचूप टाकून देते, म्हणून अधूनमधून ‘मी आहे’ असा संदेश पाठवत राहावं लागतं. शिवाय अँड्रॉइड ६ पासून न वापरता पडून असलेला फोन झोपेत जातो आणि ॲपचं नेटवर्क थांबवतो. म्हणजे पालकाने फोन बाजूला ठेवला की तुमच्या वचनाचा उपयोग संपला. ‘बस स्टॉपजवळ आली’ एवढंच कळवायचं असेल तर गूगलची पुश सेवा (फोनवर सूचना पोचवणारी) जास्त भरवशाची, आणि खरं सांगायचं तर बहुतेक पालकांना तेवढंच हवं असतं.

म्हणून तुमच्यासाठी मला मधला रस्ता सगळ्यात पटतो: पुन्हा कधी विचारायचं हे फोनने नाही, सर्व्हरने ठरवावं. प्रत्येक उत्तरात एक आकडा घाला, ‘पुढचं इतक्या सेकंदांनी विचार’. बस अजून ८ किलोमीटर लांब आहे? ९० सेकंद. दोन स्टॉप राहिलेत? १५. बस शाळेत पोचली? आज संध्याकाळपर्यंत विचारूच नको. पालकाचा स्टॉप आणि बसचा मार्ग दोन्ही सर्व्हरला माहीत आहेत, फोनला यातलं काहीच ठाऊक नाही, तर निर्णय फोनवर का सोडायचा? सरासरी अंतर ५ वरून ४० सेकंदांवर गेलं तरी ६०० च्या ७५ रिक्वेस्ट होतात. एक फील्ड वाढवायचं आणि ॲपमध्ये टायमरची ओळ बदलायची, एवढंच काम. लिनक्समधला एनएफएस (दुसऱ्या संगणकावरच्या फाइल नेटवर्कवरून वापरू देणारी व्यवस्था) क्लायंटही याच जातीचं काम करतो: फाइल बदललेली नाही असं दिसत राहिलं की पुन्हा तपासण्याचं अंतर ३ सेकंदांपासून दुप्पट करत ६० पर्यंत नेतो, आणि बदल दिसला की पुन्हा ३ वर येतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. ईटॅग, म्हणजे उत्तराच्या आवृत्तीची खूण, लावून ‘३०४, बदल नाही’ असं उत्तर दिलं की काम झालं असं वाटतं. त्याने उत्तराचे बाइट कमी होतात, रिक्वेस्टची संख्या तेवढीच राहते. शाळेचा नकाशा, स्टॉपची यादी, मुलाचा फोटो यांसाठी तो लावाच. पण या गोष्टी दिवसभर बदलत नसतील तर थेट कॅशची (फोनने साठवलेल्या प्रतीची) मुदतच मोठी द्या, म्हणजे फोन विचारायलाच येणार नाही. बसच्या जागेसाठी ईटॅग हा इलाज नाही.

ॲप उघडताना जर पालक, मूल, बस, मार्ग, सूचना अशा पाच-सहा रिक्वेस्ट एकामागून एक जात असतील तर त्या एकत्र करा. पडद्याला जे लागतं ते एका उत्तरात द्या. एकीचं उत्तर आल्यावर दुसरी, अशी साखळी असेल तर मोबाइल नेटवर्कवर पालकालाही ते जाणवतं. आणि कनेक्शन दर वेळी नव्याने जोडलं जात नाही ना हे तपासा. कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या टीएलएसच्या १.२ आवृत्तीवर पहिली रिक्वेस्ट जाण्याआधीच फोन आणि सर्व्हरमध्ये तीन फेऱ्या होतात, १.३ वर दोन. मी एका ठिकाणी पाहिलंय की लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटून देणारं यंत्र) निष्क्रिय कनेक्शन ४ सेकंदांत बंद करायचा आणि ॲप ५ सेकंदांनी विचारायचं. प्रत्येक प्रश्नासाठी ओळखपाळख पहिल्यापासून!

बसमधल्या यंत्राकडेही बघा. दर १५ सेकंदांनी पाठवतं ते ठीक आहे, पण उभ्या बसने तीच जागा पुन्हा कळवायची गरज नाही. दर १५ सेकंदांनी तपासून, जागा ३० मीटरने सरकली असेल किंवा एक मिनिट उलटलं असेल तरच पाठवू दे. मिनिटाला एक संदेश येत राहिला की यंत्र जिवंत आहे हेही कळतं.

शेवटचं, आणि हे मी स्वतः भोगलंय. बाजारभाव दाखवणाऱ्या एका ॲपवर मी काम करत होतो. एका सकाळी सर्व्हर दोन मिनिटांसाठी बंद करून पुन्हा चालू केला. तोवर प्रत्येक फोन बरोबर १० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत होता, सगळे एकाच ठेक्यात. सर्व्हर उठला की सगळे एकदम अंगावर, की तो पुन्हा आडवा. असं तीनदा झालं. तेव्हापासून मी दोन गोष्टी कधीच सोडत नाही: अपयश आलं की अंतर दुप्पट करत जायचं, २, ४, ८, १६ सेकंद, आणि ५ मिनिटांच्या वर न्यायचं नाही, आणि प्रत्येक वेळी त्या अंतराच्या आतला यादृच्छिक क्षण निवडायचा, म्हणजे ठेका मोडतो. सर्व्हरने सांगितलेल्या ‘पुढचं कधी’च्या आकड्यातही असेच दहा-वीस टक्के इकडेतिकडे करा. सात वाजता सगळ्या पालकांचे अलार्म एकदमच वाजतात, तुमचे टायमर तरी एकदम वाजायला नकोत.