निवेदनाने मुदत थांबत नाही

पत्र सातपूरच्या टोमॅटो प्युरी उत्पादकाचं आहे, पण दिंडोरी-पिंपळगावहूनही अशीच पत्रं येतात. १० फेब्रुवारी २०२० ला मुंबईच्या केटररकडे माल पोचला. तीस दिवसांची उधारी, बिल ७ लाख ४० हजारांचं. मग लॉकडाऊन लागला. संघटनेने थकीत बिलांबाबत सरकारला निवेदन दिलं आणि तुम्ही त्या भरवशावर थांबलात. आता केटरर म्हणतो, धंदा बंद होता आणि दावा लावायची मुदतही गेली. पैसे अजून वसूल होतील का, हा तुमचा प्रश्न.

धंदा बंद होता ही सबब टिकेल असं मला वाटत नाही; माल आधीच पोचला होता. खरा प्रश्न मुदतीचा. उधारीचे दिवस संपल्यापासून तीन वर्षं, म्हणजे ११ मार्च २०२३. निवेदनाने त्यात एक दिवसही वाढत नाही. हे तेव्हाच कुणाला विचारलं असतंत तर!

तुम्हाला तारतो तो पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख केलेला ईमेल. १४ सप्टेंबर २०२३ ला केटररने बाकी मान्य करून वेळ मागितली. मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदतीच्या आत दिलेल्या लेखी, सहीच्या कबुलीने नवी तीन वर्षं मिळतात. साध्या हिशेबाने ही कबुली सहा महिने उशिराची. पण सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून वगळला. ते ७१६ दिवस धरले की मूळ मुदत फेब्रुवारी २०२५ पर्यंत जाते आणि ईमेल आत बसतो. नवी मुदत १४ सप्टेंबर २०२६ पर्यंत.

ईमेलखाली नाव आहे, पण ती सही धरायची का यावर समोरचा वकील भांडणारच. मूळ ईमेल खात्यातच ठेवा, कुणाला फॉरवर्ड करून पुसू नका. प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल.

माल दिला तेव्हा उद्योग आधार (लहान उद्योगांची तेव्हाची सरकारी) नोंदणी होती का, ते कळवा. त्यावर थकीत बिलांचे वाद ऐकणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या परिषदेकडे जाता येईल का, ते ठरेल. नाहीतर वाणिज्य न्यायालयात वसुलीचा दावा. त्याआधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. तो काळ मुदतीतून वगळला जातो, तरी सप्टेंबरपर्यंत थांबू नका. बिल, डिलिव्हरी चलन आणि ईमेल घेऊन याच आठवड्यात वकील गाठा.