दोन सारखेच कार्ब्युरेटर, दोन भाव: हर्रासात असं काऊन होते

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही यामाहाच्या दोन जुन्या आरएक्स हंड्रेड मोटरसायकली खोलल्या. दोन्हींचे कार्ब्युरेटर एकाच कंपनीचे, एकाच हाताने साफ केलेले, मजकूर तोच. पहिला 3,850 ला गेला, चार दिवसांनी लावलेला दुसरा 1,400 ला. साईटवाल्यांनी गडबड केली का, की बोलीवाल्यांनी आपसात ठरवलं, असं तुम्ही विचारता. तुमचा राग मला कळतो, कारण पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं. दारव्हा–यवतमाळ रस्त्यावर माझं गॅरेज आहे आणि जुने पार्ट ऑनलाइन हर्रासात विकायला लागून मला बरीच वर्षं झाली. तुम्ही टाकलेल्या दोन्ही बोलींच्या याद्या मी ओळीने पाहिल्या. तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. उलट दुसऱ्या वेळी आलेले दोघं पहिल्या वेळच्या तिघांपैकीच होते आणि त्यांच्या मनातला भावही बदललेला नव्हता.

कसं ते सांगतो. या साईटवर बोली लावणारा आपला शेवटचा आकडा आधीच भरून ठेवतो. साईट तो आकडा लपवून ठेवते आणि समोरच्याला मागे टाकायला लागेल तेवढीच बोली त्याच्या नावाने वाढवते. समजा पहिल्या माणसाने 5,000 भरले, दुसऱ्याने 3,800 आणि तिसऱ्याने 1,350. बोलीची पायरी 50 रुपयांची. पहिला जिंकला, पण 5,000 देऊन नाही. दुसऱ्याच्या 3,800 वर एक पायरी, म्हणजे 3,850 देऊन. तो 5,000 द्यायला तयार होता हे तुम्हाला कधी कळणारही नाही. पहिल्याने खरंच किती भरले ते मलाही माहीत नाही, 5,000 हा माझा अंदाज. पण खालचे दोन आकडे तुमच्या यादीतच आहेत.

आता दुसरा कार्ब्युरेटर. पहिल्या माणसाची गरज भागली, तो आलाच नाही. राहिले दोघं. 3,800 वाला अजून तिथेच आहे, तितक्याच गरजेचा. पण त्याच्या मागे फक्त 1,350 वाला. म्हणून 1,350 वर एक पायरी: 1,400. दुसऱ्या यादीत जिंकलेल्याचं अर्धं झाकलेलं नाव पहा, पहिल्या यादीत तेच दुसऱ्या नंबरवर आहे. ज्याने परवा 3,800 देऊ केले त्यालाच तुमचा माल 1,400 त मिळाला.

हर्रासातला भाव हरणाऱ्यांमधला सगळ्यात वरचा माणूस ठरवतो, जिंकणारा नाही. मला हे कळायला चार वर्षं लागली. विल्यम व्हिक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्येच या प्रकारच्या लिलावाचं गणित मांडलं होतं, 1996 चं नोबेल त्यांना मिळालं. पण आपल्याकडच्या माणसाला ते बाजार समितीत उभं राहूनच जास्त कळेल. सोयाबीनच्या ढिगाभोवती चार व्यापारी असले की भाव चढतो. पाऊस लागला, तीन व्यापारी आलेच नाहीत, की तोच ढीग, तीच ओल, आणि शेतकरी अडत्याच्या तोंडाकडे पाहून राहिला. ढिगात काही बदललेलं नसते. दुसरा घेणारा नसतो, एवढंच.

म्हणून तुमच्याकडे एकसारखे दोन नग असतील तर लागोपाठ लावू नका, आणि एकाच वेळी दोन्ही तर मुळीच नको. मधे महिना-दीड महिना जाऊ द्या, नवीन गरजवंत तयार होतात. त्याहून सोपा रस्ता म्हणजे हरलेल्याला थेट विचारणं. ईबे या परदेशी हर्रासाच्या साईटवर तशी सोयच आहे: हर्रास संपल्यावर दुसऱ्या नंबरच्या माणसाला, त्याने लावलेल्या शेवटच्या आकड्याला, तोच दुसरा नग देऊ करता येतो. तुमच्या साईटवर तशी सोय असेल तर 3,800 वाल्याला त्याच रात्री विचारायला हवं होतं. माझे डबल नग मी आता असेच काढतो.

ज्या मालाला भरपूर घेणारे आहेत त्याला हर्रास लावायची गरजच नाही, हेही सांगून टाकतो. क्लच प्लेट, ब्रेक शू, साधे इंडिकेटर यांचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो; ठरावीक किंमत लिहा आणि मोकळे व्हा. ज्याचा भाव तुम्हाला स्वतःलाच सांगता येत नाही, त्याला हर्रास. आपल्याकडे असे घेणारे एका जागी मिळणं अवघड झालं आहे. बाझी डॉट कॉम ही आपल्याकडची हर्रासाची साईट 2004 मध्ये ईबेने घेतली आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये ईबेचं भारतातलं दुकानच बंद झालं. तेव्हापासून देशातला घेणारा ठिकठिकाणच्या ग्रुपमध्ये विखुरला. एका हर्रासात तीन माणसं असणं आणि दोन असणं, यात म्हणूनच एवढा फरक पडतो.

आता वस्तूकडे येऊ. तुमचे दोन्ही कार्ब्युरेटर सारखे आहेत असं तुम्ही म्हणता, पण फोटोत ते सारखे दिसत नाहीत. पहिल्यात बॉडीवरचा शिक्का वाचता येतो. दुसऱ्यात फ्लॅशचा उजेड नेमका शिक्क्यावर पडलाय आणि अक्षरं पांढरी झाली आहेत. आरएक्स हंड्रेड 1985 ते 1996 एवढाच काळ निघाली. तिचा शौकीन माणूस शिक्का पाहिल्याशिवाय हात घालत नाही, कारण बाजारात नकली माल लय आहे. आतली वर-खाली सरकणारी स्लाइड बाहेर काढून तिचाही फोटो हवा. स्लाइडवर उभ्या रेघा पडल्या असतील तर गाडी आयडलिंगला हुंदके देते, हे त्यालाही माहीत आहे. रेघा असतील तर असलेल्या दाखवा.

लपवल्याने भाव वाढतो असं नवीन माणसाला वाटते. होते उलटं. समजा चालू कार्ब्युरेटर 4,000 चा आणि बंद पडलेला 800 चा. तुम्ही काहीच लिहिलं नाही तर घेणारा दोन्ही शक्यता अर्ध्या-अर्ध्या धरतो, म्हणजे 2,400. वर अनोळखी माणूस, वर पोस्टाने येणारा माल, म्हणून त्यातले आणखी चार-पाचशे काढतो. तुमचा माल चालू असूनही त्याला अर्ध्या बिघाडाचा भाव मिळाला. चालू गाडीवर लावून एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. बंद असेल तर बंद म्हणून लिहा, सुट्या जेटसाठी आणि बॉडीसाठी घेणारे असतात. मी एकदा फाटक्या डायफ्रामचा पेट्रोल कॉक, फाटका आहे असं पहिल्याच ओळीत लिहून लावला. न लिहिता आधी लावलेल्या तशाच कॉकपेक्षा तो महाग गेला, आणि परतही आला नाही.

ओळख पटण्याने भाव किती बदलतो ते एका जीपवरून सांगतो. वणीकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जुनी जीप पडून होती. त्यांच्या आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली, फाळके सडलेले, इंजिन केव्हाच विकलेलं. मी भंगाराच्या भावाने उचलली. तिचे चौदा बोल्ट एका पिशवीत भरून ‘जुन्या जीपचे बोल्ट’ म्हणून बाहेरदेशी हर्रासात लावले. सहाशे रुपयांच्या आसपास गेले. आठवड्याने एका परदेशी माणसाने विचारलं, उरलेल्या बोल्टच्या डोक्यावर एफ आहे का पहा. मी डब्यातले बोल्ट रॉकेलमध्ये रात्रभर भिजवले, सकाळी टूथब्रशने घासले. गंजाखालून एक तिरकं, शेपटीवालं इंग्रजी एफ वर आलं. बोटाच्या नखाला लागेल एवढंच उंच.

ती जीप विलीज या अमेरिकन कंपनीची नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धात विलीजच्या आराखड्यावर फोर्डनेही जीपा बनवल्या, जीपीडब्ल्यू नावाच्या, पावणेतीन लाखांच्या वर. आणि फोर्ड आपल्या पार्टवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, एफ ठोकत असे. ज्यांना तशी जीप जशी कारखान्यातून निघाली तशी उभी करायची आहे, त्यांना दुसरा कोणताही बोल्ट चालत नाही. उरलेले अकरा बोल्ट मी प्रत्येक डोक्याचा जवळून फोटो काढून लावले. साडेसहा हजाराला गेले, पाच जण शेवटपर्यंत भिडले होते. पहिले चौदा घेणाऱ्याला ते काय आहे हे ठाऊक होतं, मला नव्हतं. तारेचा ब्रश मात्र अशा मालावर कधी मारू नका, शिक्क्याची कडा जाते आणि कडेसोबत भावही जातो.

तुमच्या कोपऱ्यात राजदूत 350 चे सिलिंडर आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते घाईत काढू नका. ती गाडी 1983 पासून निघाली. आधीची हाय टॉर्क म्हणजे 30.5 हॉर्सपॉवरची, नंतरची लो टॉर्क 27 ची. लोक त्यांना नुसतं एचटी आणि एलटी म्हणतात. घेणारा पहिला प्रश्न तोच विचारेल. तुम्हाला उत्तर देता आलं नाही तर तो एलटी धरून बोली लावेल.

वजनाचं पाहा. चेतकचं इंजिनकडचं साइड पॅनेल हातात घेतलं तर दोन-अडीच किलो. पण कुरियर खोक्याचं माप घेतो: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5,000 ने भागायचं. 60 बाय 40 बाय 25 चं खोकं म्हणजे बारा किलो. घेणारा पॅनेल आणि भाडं मिळून एकच आकडा मनात धरतो, त्यामुळे भाडं वाढलं की बोली तेवढीच खाली येते. एकच पॅनेल कोणाला 900 ला जाते आणि कोणाला 300 ला, त्यात पुष्कळदा खोक्याचाच फरक असतो. खोकं पॅनेलच्या अंगाबरोबर कापून बनवा, कडांना जुन्या ट्यूबचे तुकडे लावा. आणि भाडं आधीच लिहा. ‘भाडं नंतर सांगू’ असं वाचलं की माणूस पुढे सरकतो. कार्ब्युरेटर मात्र पूर्ण कोरडा करूनच पाठवा. पेट्रोलचा वास आला तर पार्सल घेतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

वेळेचं थोडक्यात. तुमचा पहिला हर्रास रविवारी रात्री साडेनऊला संपला, दुसरा गुरुवारी दुपारी. शेवटच्या पाच मिनिटांतच खरी ओढाताण होते, तेव्हा लोक घरी हवेत. पगाराचा पहिला आठवडा चांगला. इंग्लंडातल्या घेणाऱ्यासाठी रविवारी रात्री आठला संपवायचं असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात सोमवारचे साडेबारा वाजलेले असतात, हिवाळ्यात दीड. मी जागत नाही, लावतानाच वेळ ठरवून देतो. पण तुमच्या बाबतीत गुरुवारने केला असेल तर थोडाच फरक केला, मोठा फरक त्या न आलेल्या पहिल्या माणसाचा.

सुरुवातीची बोली तुम्ही 99 ठेवली, त्यात चूक नाही. कमी सुरुवातीने माणसं गोळा होतात. पण जिथे घेणारेच दोन-तीन, तिथे 99 म्हणजे जुगार. ज्याच्या खाली विकून तुम्हाला रात्री झोप येणार नाही, तो आकडा सुरुवातीलाच लिहा. कोणीतरी तुम्हाला सुचवलंय की मेव्हण्याच्या मोबाईलवरून बोली चढवून घ्या. कृपा करून हे करू नका. बहुतेक साईटवर ते बंद आहे, खातं जाऊ शकते. त्याआधीही, ज्या माणसाने तुमच्या फोटोवर विश्वास ठेवून पैसे भरले त्याच्याशी ती सरळ लबाडी आहे. तो माणूस पुढच्या वेळी तुमचा दुसरा बोलीवाला होणार असतो.

क्रँककेसचं, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या खोक्याचं, विचारलंय तुम्ही. इंजिन नंबर असलेला कोणताही तुकडा गाडीच्या आरसीशिवाय विकू नका. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याची आरसीची प्रत, सही केलेली पावती आणि आधारची प्रत फाइलला लावा, मगच फोटो टाका. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये येते. तुम्ही जाणूनबुजून काही केलं नसेल, पण कागद नसेल तर ते ठाण्यात बसून सांगत बसावं लागते. चेसिसचा नंबर असलेला तुकडा तर मी विकतच नाही.

तिसरा कार्ब्युरेटर अजून शिल्लक आहे म्हणता, तो सध्या लावू नका. दिवसा, सावलीत, फ्लॅश बंद करून बॉडीवरच्या शिक्क्याचा आणि स्लाइडच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून इथे टाका. शिक्का कोणता निघतो ते पाहून सुरुवातीचा आकडा सांगतो.