ठिपके डाव्या अक्षालाच का चिकटतात?

प्रश्न : कच्च्या तेलाचा एफटी-आयसीआर मास स्पेक्ट्रम (रेणूंची वस्तुमाने अतिशय अचूक मोजणारा आलेख) ऋण इलेक्ट्रोस्प्रेने (रेणूंना ऋणभारित आयन बनवणाऱ्या फवाऱ्याने) घेतला. काही हजार पिकांना (स्पेक्ट्रममधल्या शिखरांना) रेणुसूत्रे देऊन व्हॅन क्रेव्हलन आलेख (रेणूंतल्या अणूंच्या गुणोत्तरांचा) काढला, तर जवळजवळ सगळे ठिपके डाव्या अक्षाला चिकटले. सूत्रे चुकली का?

उत्तर : सूत्रांचे नंतर पाहू, आधी आलेखच बदला. तो मुळात कोळशासाठी आखलेला, आडव्या अक्षावर ऑक्सिजन-कार्बन गुणोत्तर. ३० कार्बन आणि दोन ऑक्सिजनच्या नॅफ्थेनिक आम्लात (तेलातले सेंद्रिय आम्ल) ते जेमतेम ०.०६७ येते, कार्बाझोलमध्ये (ऑक्सिजन नसलेले नायट्रोजन संयुग) शून्य. मग ठिपके पसरणार कुठे?

सूत्रे तपासायला केन्ड्रिक आलेख काढा. एक्सेलमध्ये प्रत्येक एम/झेडला (आयनाचे वस्तुमान भागिले विद्युतभार) ०.९९८८८३३९ ने (म्हणजे १४ भागिले १४.०१५६५) गुणा आणि उत्तर पूर्णांक वस्तुमानातून वजा करा; हा फरक उभ्या अक्षावर, वस्तुमान आडव्या अक्षावर. ४१८.३४७९ साठी ०.११९२ येतात, एक मिथिलीन गट वाढलेल्या ४३२.३६३६ साठीही तेवढेच. त्यामुळे एक समजातीय श्रेणी (फक्त मिथिलीन गटांच्या संख्येत वेगळे असलेले रेणू) एका आडव्या रेषेत बसते आणि दोन हायड्रोजन कमी झाले की रेषा ०.०१३४ ने वर सरकते. रेषेबाहेरचा एकटा ठिपका दिसला, तर त्याचे सूत्र संशयास्पद समजा. पूर्णांकासाठी गुणाकाराचे उत्तर राउंड करू नका, नाहीतर अस्फाल्टीनसारख्या (तेलातला जड भाग) अतिअॅरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखी वलये भरपूर असलेल्या, रेणूंच्या रेषा मध्येच तुटून खाली जातात. मूळ एम/झेडचा पूर्णांक भाग घ्या. क्रूडमध्ये साधारण ८०० पर्यंत तो चालतो.

कार्बन-१३ ची (एका कार्बनच्या जागी त्याचा जड समस्थानिक असलेल्या रेणूंची) पिके आधीच काढून टाका. ४० कार्बनच्या रेणूत ती मुख्य पिकाच्या सुमारे ४३ टक्के उंच असतात, दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत.

मग प्रत्येक वर्गाचा (एन१ म्हणजे एक नायट्रोजन, ओ२ दोन ऑक्सिजन, एन१एस१ एक नायट्रोजन व एक गंधक) वेगळा आलेख : आडवा अक्ष कार्बनसंख्या, उभा डीबीई (रेणूतली वलये आणि दुहेरी बंध यांची एकूण संख्या). डीबीई = कार्बन − हायड्रोजन/२ + नायट्रोजन/२ + १; ऑक्सिजन, गंधक धरायचे नाहीत. आयनाला गेलेला प्रोटॉन परत जोडूनच मोजा, नाहीतर ९ च्या जागी ९.५ येईल.

खरा घोळ गंधकाचा. तीन कार्बन आणि एक गंधक-चार हायड्रोजन यांत फरक फक्त ०.००३४ डाल्टन. कॅलिब्रेशन सरकले की एन१एस१ चा रेणू एन१ मध्ये तीन कार्बन उजवीकडे आणि डीबीई ५ ने वर उमटतो. नेमक्या त्या अंतरावर जुळे पुंजके दिसले, तर त्याच स्पेक्ट्रममधल्या ओळखीच्या ओ२ श्रेणीवर अंतर्गत कॅलिब्रेशन पुन्हा करा.

ठिपक्याच्या रंगाने पिकाची उंची दाखवा आणि रंगपट्टी सगळ्या वर्गांना एकच ठेवा. तरी गडद रंग म्हणजे तेलात प्रमाण जास्त असे नव्हे; ऋण इलेक्ट्रोस्प्रेला आम्ले आणि पायरोल गटच (कार्बाझोलसारखी नायट्रोजन संयुगे) नीट दिसतात. थायोफीन (गंधकाची वलय-संयुगे) पाहायचे असतील तर एपीपीआय (प्रकाशाने आयन बनवण्याची पद्धत) वापरा.