गोळ्या दोघांनीही घ्यायच्या

प्रश्न : माझं वय २९, लग्नाला ४ वर्षं झाली. दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या केल्या, त्यात क्लॅमिडिया (शरीरसंबंधातून होणारा जंतुसंसर्ग) निघाला. मला कसलाच त्रास नव्हता. डॉक्सिसायक्लिनच्या ७ दिवसांच्या गोळ्या मी पूर्ण केल्या. नवरा म्हणतो, 'मला काही होत नाही, मी कशाला घेऊ?' ही लागण त्याच्याकडूनच झाली का? मला मूल होईल ना?

उत्तर : बाई, 'कसलाच त्रास नव्हता' हेच या आजाराचं मुख्य लक्षण म्हणावं लागेल. बहुतेक बायकांना आणि कितीतरी पुरुषांना काहीही जाणवत नाही. कुणाला लघवीला जळजळ होते, कुणाच्या अंगावरून पांढरं जास्त जातं, कुणाला संबंधानंतर रक्त दिसतं. त्यामुळे तुमच्या यजमानांच्या 'मला काही होत नाही' याला अर्थ नाही. त्यांच्या लघवीची तपासणी करता येते, पण रिपोर्टची वाट न पाहता त्यांचे उपचार सुरू व्हायला हवेत.

तीनदा कोर्स केलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. गोळ्या चांगल्याच होत्या, पण नवऱ्याने एकही घेतली नव्हती. एकदा बरं झालं म्हणजे पुन्हा होणार नाही, असं या आजारात नसतं. तुमचे दरम्यान संबंध आले असतील, तर तुम्हालाही त्यांच्याबरोबर पुन्हा औषध लागेल. आधी गरोदरपणाची चाचणी करा. दिवस राहिले असतील तर डॉक्टर दुसरं औषध देतील. दोघांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत संबंध नकोत, निरोध वापरूनही नकोत. ३ महिन्यांनी दोघांनी पुन्हा तपासून घ्या. एचआयव्ही, सिफिलिस आणि गोनोरियाचीही तपासणी करा.

कुणाकडून आला, हे रिपोर्ट सांगत नाही. हा जंतू टॉवेलातून किंवा संडासातून येत नाही, शरीरसंबंधातूनच येतो. पण महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ तो गुपचूप राहतो. तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलावं लागेल, आणि ते सोपं नाही, हे मला कळतं. मात्र त्या बोलण्यासाठी औषध अडवून ठेवू नका.

मुलाबद्दल : जंतू वर चढून बीजवाहिन्यांना, म्हणजे गर्भाशयाला जोडलेल्या नळ्यांना, इजा करू शकतो. सगळ्यांच्या बाबतीत तसं होत नाही. उपचारांनंतर नळ्या मोकळ्या आहेत का, हे डाय (रंगद्रव्य) घालून काढलेल्या एक्स-रेत दिसतं. पाळी चुकली की लवकर सोनोग्राफी करा, कारण गर्भ नळीतच राहण्याचा धोका थोडा वाढलेला असतो. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराने दुखलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.