वाचकांचे प्रश्न: टी स्पीडस्टर, आधी थांबता येऊ दे मग पळवा

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेलो की फोर्ड मॉडेल टीची स्पीडस्टर करायची असेल तर इंजिनाला हात शेवटी लावा, आणि त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा कॉलम सगळा त्यातच गेला. ज्यांना गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉडेल टी १९०८ ते १९२७ बनली, दीड कोटीच्या वर. इंजिन चार सिलिंडर, २.९ लिटर आणि ताकद फक्त २० हॉर्सपॉवर. तेव्हाच्या अमेरिकेत जुनी टी स्वस्तात मिळायची, मग पोरं बॉडी उपटून फेकायची, दोन बकेट सीट आणि मागे गोल टाकी बसवली की झाली स्पीडस्टर. आजही तिकडे गॅरेजा-गॅरेजात हेच चालू असतं, आणि त्यात आपली मराठी मंडळीही आहेत हे पत्रं वाचून कळलं.

प्रश्न: काका नमस्कार. मी मिशिगनला असतो, १९२४ ची टी टुरिंग घेतली, बॉडी सडलेली होती ती काढून टाकली आणि आता स्पीडस्टर करतोय. इंजिन चालू आहे पण दम नाही. ॲल्युमिनियमचं हाय कॉम्प्रेशन हेड, मोठा कार्ब्युरेटर आणि जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उचलणारा) कॅम असं सगळं मागवायच्या बेतात आहे, ताशी ५५ मैल आरामात हवेत. आधी काय बसवू?

यातलं काहीच नको, आधी गाडी उचल आणि मागचा ॲक्सल खोल. वैतागू नको, सांगतो का ते.

टीचा पायाचा ब्रेक चाकात नसतोच, तो असतो गिअरबॉक्सच्या आत एका ड्रमवर, तिथून ताकद प्रोपेलर शाफ्टमधून पिनियन म्हणजे लहान दातेरी चाक, पिनियनवरून क्राउन म्हणजे मोठं दातेरी चाक, मग ॲक्सल आणि मग कुठे चाक. म्हणजे गाडी ज्या साखळीने पळते त्याच साखळीने थांबते, आणि यातली एक कडी तुटली की पळणंही गेलं आणि थांबणंही. आता मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या, दोन बाजूंना थ्रस्ट वॉशर म्हणजे त्याला बाजूला सरकू न देणाऱ्या चकत्या असतात, कारखान्यातून ते बॅबिटचे यायचे, म्हणजे आपण ज्याला व्हाईट मेटल म्हणतो ते. शंभर वर्षांत ते इतके ठिसूळ होतात की हातात घेतले की बिस्किटासारखे चुरतात. ते चुरले की क्राउन बाजूला सरकतो, पिनियनचे दात सुटतात, आणि तू उतारावर असलास तर पायाखालचं पेडल आहे तसंच असतं पण गाडी मोकळी सुटलेली असते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझी पहिली टी घेतली तेव्हा विकणारा म्हणाला ॲक्सल नुकताच केलाय, मी विश्वास ठेवला, उघडून बघितलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका उतारावर कडकड आवाज आला आणि पेडल दाबतोय तर काही नाही. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकातल्या लहान ड्रममधल्या बिनलायनिंगच्या ओतीव शूजनी गाडी नुसती कुरकुरली, शेवटी कडेच्या मक्याच्या शेतात घातली तेव्हा थांबली. बायको शेजारी होती. ती नंतर दोन वर्षं त्या गाडीत बसली नाही आणि मला त्यावर काही बोलताही आलं नाही.

तर वॉशर ब्रॉन्झचे घाल, काही फार महाग नाहीत. ॲक्सल उघडलाच आहे तर पिनियनचं बेअरिंगही बघ, प्रोपेलर शाफ्टच्या वरच्या टोकाला जुनी बुश असते तिथे आजकालच्या बॉल बेअरिंगचं किट मिळतं ते घाल, आणि चाकाच्या हबचा टेपर (निमुळता भाग) नीट बसतोय का, हब धरणारी चावी (खाचेतली पट्टी) ढिली नाही ना, हे निळा रंग लावून तपास. हब ढिला राहिला की चावी कापली जाते नाहीतर ॲक्सल तुटतो, आणि ॲक्सल तुटला तर चाक तुझ्या आधी घरी पोचतं.

मग चाकावर बाहेरून आवळणारे बँड ब्रेक लाव, तिकडे त्यांना रॉकी माउंटन ब्रेक म्हणतात, नवीन बनवलेले मिळतात. फक्त एवढं लक्षात ठेव की ते पुढे जाताना छान धरतात पण चढावर गाडी मागे घसरायला लागली की तेवढे धरत नाहीत, आणि पावसात तर रामभरोसे. पैसे असतील तर डिस्क लावणारेही आहेत, मला दिसायला आवडत नाहीत, पण दिसण्यासाठी जीव द्यायचा नसतो.

आणि गंमत म्हणजे तुला हवा तो वेग अर्धाअधिक याच ॲक्सलमध्ये मिळतो. मूळ क्राउनला ४० दात आणि पिनियनला ११, म्हणजे रेशो ३.६४, चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३.६४ फेरे. स्पीडस्टरवाले ३९ आणि १३ ची जोडी घालतात, सरळ ३ ला १. तीस इंची टायर धरला तर ताशी ७० किलोमीटरला मूळ रेशोवर इंजिन साधारण १,७५० आरपीएमला फिरतं, नव्यावर १,४५० च्या आसपास. इंजिनाला हात न लावता तीनशे फेरे वाचले. चढावर थोडी रडेल, पण बॉडीच नाही म्हटल्यावर ओढायचं वजन तरी कुठे आहे.

ॲक्सल झाला की लिही, मग हेडचं बोलू. तोपर्यंत पुढचं उत्तर वाच, तेही तुझ्याचसाठी आहे.

प्रश्न: सर, आमच्याकडे दोनदा क्रँक तुटला. दुसऱ्यांदा तर नवीन ग्राइंड करून, क्रॅक टेस्ट करून घातलेला. मशिनवाला म्हणतो मटेरियल खराब. खरंच मटेरियलच का? (न्यू जर्सी)

एकदा तुटला तर मटेरियल म्हणू, दोनदा तुटला तर तेलाचं पॅन वाकडं आहे का बघा.

टीचा क्रँक, म्हणजे पिस्टनचं वरखाली गोल फिरण्यात बदलणारा दांडा, नुसती लांब बारीक काठी आहे. जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे भाग, फक्त सव्वा इंचाचे, मेन बेअरिंग तीन, काउंटरवेट नाहीत. पण लोक विसरतात की चौथं बेअरिंगही आहे, गिअरबॉक्सच्या पार मागे, आणि ते ब्लॉकला नाही तर पॅनला धरलेलं असतं. पॅन पत्र्याचं. शंभर वर्षांत कोणी ना कोणी त्याच्याखाली जॅक लावलेला असतो, गाडी कधी दगडावर आपटलेली असते, त्यामुळे ते थोडंसं का होईना वाकतं. मग चौथं बेअरिंग रेषेत राहत नाही आणि क्रँक प्रत्येक फेऱ्याला मागच्या टोकाला किंचित वाकतो आणि सरळ होतो. लोखंडी तार हाताने मागेपुढे करून तोडतो ना आपण, अगदी तेच, फक्त मिनिटाला पंधराशे वेळा. नवीन क्रँक घाला, सोन्याचा घाला, तुटणारच.

पॅन जिगवर सरळ करून घ्या, टीच्या क्लबांमधल्या जुन्या लोकांकडे असा जिग असतो, आणि मग गिअरबॉक्स जोडून टोकाला डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना टोक किती हलतं ते, बघा. क्रँक, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सचे ड्रम सगळं एकत्र बॅलन्स करा. पिस्टन जुने ओतीव लोखंडाचे असतील तर काढून ॲल्युमिनियमचे घाला, वजन घटलं की क्रँकला खरा आराम मिळतो. आणि हो, व्हॉल्व्ह बदला! मूळ व्हॉल्व्हचं डोकं ओतीव लोखंडाचं आणि दांडा स्टीलचा, ते डोकं सुटून पिस्टनवर पडलं की पुढचं सांगायला नको.

टीनंतर आलेल्या फोर्ड मॉडेल ए चा क्रँक टीच्या ब्लॉकमध्ये बसवतात तसा बसवू का असंही तुम्ही खाली विचारलंय. बसतो. मेन जर्नल १.६२५ इंचाचे, स्ट्रोकही पाव इंच जास्त, भरपूर मजबूत. पण ब्लॉक कापावा लागतो आणि ते काम पूर्वी केलेल्या माणसाकडूनच करून घ्या, शिकाऊ माणसाला तुमचा ब्लॉक देऊ नका. मुळात पॅन सरळ असेल आणि तुम्ही रेस करत नसाल तर चांगला टी क्रँकही पुरतो असं माझं मत.

प्रश्न: काका, चढावर पहिल्या सिलिंडरचं कनेक्टिंग रॉड बेअरिंग ठोकायला लागलं. तेल पूर्ण होतं. (सिएटलजवळची एक वाचक)

ताई, तेल होतं पण पुढे नव्हतं. या इंजिनात ऑइल पंपच नाही. फ्लायव्हीलवरचे १६ मॅग्नेट फिरताना तेल उडवतात, ते एका फनेलमध्ये पडतं, नळीतून पुढे टायमिंग गिअरवर जातं आणि तिथून उतरत उतरत मागे येतं. लांब चढावर गाडीचं नाक वर, तेल सगळं मागे, पहिला रॉड कोरडा. आत मोठ्या तोंडाचं फनेल घाला, शिवाय बाहेरून दुसरी तेलाची लाइन घ्या, आणि इंजिन उघडाल तेव्हा रॉडच्या कॅपना डिपर लावून घ्या म्हणजे खालच्या खोबणीतलं तेल ते स्वतः उचलतात.

बऱ्याच जणांनी विचारलंय की मॅग्नेट काढून फ्लायव्हील हलकं करू का. इंजिन चटकन उठतं हे खरं, पण वर वाचलंत ना, तेल तेच उडवतात. काढायचेच असतील तर त्यांच्या जागी तेल उडवणारे पत्रे लावावे लागतील आणि इग्निशनसाठी बॅटरी, कारण ठिणगीची वीजही हेच मॅग्नेट बनवतात.

प्रश्न: वॉरफर्डचा जादा गिअरबॉक्स मिळतोय, घेऊ का?

चाकावरचे ब्रेक असतील तर घ्या, नसतील तर नको. तो गिअरबॉक्स मूळ गिअरबॉक्सच्या मागे बसतो, आणि गिअर टाकताना मध्येच न्यूट्रलला अडकला तर पायाचा ब्रेक गेला. रक्सटेल या दोन गिअरच्या मागच्या ॲक्सलचंही तसंच. वस्तू दोन्ही उत्तम, माझ्याकडे रक्सटेल आहे.

प्रश्न: पुण्याहून लिहितोय. आमच्या वाड्यात पणजोबांची टी आहे, उजवीकडे स्टिअरिंग. इथे बॅबिट ओतणारं कोणी मिळेल का, की तयार पत्र्याची शेल बेअरिंग बसवावीत?

उजवीकडे स्टिअरिंग म्हणजे बहुतेक कॅनडात बनलेली, आपल्याकडच्या टी तिकडूनच यायच्या. बॅबिटसाठी जुन्या ऑइल इंजिनांची व्हाईट मेटलची कामं करणारा वयस्कर माणूस शोधा, त्याला काम समजतं. फक्त मेन बेअरिंगचं बॅबिट ब्लॉकमध्येच ओततात आणि ओतल्यावर लाइन बोअरिंग, म्हणजे सगळी भोकं एका रेषेत कापणं, लागतं, हे त्याला आधी सांगा. आणि एक विनंती, तिची स्पीडस्टर करू नका हो. मूळ बॉडी शाबूत असलेली गाडी कापायला माझा हात धजणार नाही.

प्रश्न: टीच्या इंजिनाने खरंच कधी रेस मारली का, की नुसत्या गप्पा?

१९२३ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये एल. एल. कोरम टीवरून बनवलेल्या फ्राँटी फोर्डमध्ये पाचवा आला होता. फ्राँटी म्हणजे फ्रंटेनॅक, आणि ते शेव्हर्ले भावांचं काम. म्हणजे शेव्हर्ले नाव असलेल्या माणसांनी फोर्ड पळवली.

मिशिगनच्या दादा, हे वाचून लगेच हेड मागवू नकोस. ॲक्सल खोललास का?