सायबर सिक्युरिटीत नेमकी कुठली लाइन धरावी: पेनटेस्टिंग, एसओसी की क्लाऊड?

लास्ट इयरला आहेस म्हणतोस म्हणून सरळ अरेतुरे करतोय, राग मानू नको. एथिकल हॅकिंग (म्हणजेच पेनटेस्टिंग, परवानगी घेऊन सिस्टिम फोडून बघायची), एसओसी (हल्ला होतोय का ते रात्रंदिवस बघत बसणारी टीम) आणि क्लाऊड सिक्युरिटी यातलं काय घेऊ आणि क्लासवाला ९० हजार मागतोय ते भरू का, असं विचारलंयस. पैशाचं शेवटी सांगतो.

मी पण हॅकर व्हायचं म्हणूनच आलो आणि लागलो कुठे तर हिंजवडीत एका कंपनीच्या एसओसीत, एल-वन म्हणजे सगळ्यात खालची पायरी, नाइट शिफ्ट. तिथे क्लायंटचे सगळे लॉग, म्हणजे कुठल्या मशीनवर कधी काय झालं त्याच्या नोंदी, एका ठिकाणी येतात, स्प्लंक नाहीतर सेंटिनेल असलं काहीतरी सॉफ्टवेअर असतं, त्यातून अलर्ट पडतात आणि आपण बसून बघायचं की हे खरं की उगाच. बहुतेक उगाचच. आमच्याकडे रोज रात्री दोनला एक अलर्ट यायचा, एकाच अकाउंटवरून धडाधड चुकीचा पासवर्ड. आधीची पोरं फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे उगाच वाजलेला, असं लिहून तिकीट बंद करायची, मीही महिनाभर तेच केलं. मग एकदा डोकं फिरलं आणि क्लायंटच्या सर्व्हरवाल्याला मेल टाकला, तर निघालं काय, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जुना पासवर्ड तसाच पडलेला, म्हणजे इतके दिवस बॅकअप होतच नव्हता! हल्ला करण्यापेक्षा अलर्ट का वाजतोय ते खणून काढण्यात मला मजा येते हे तेव्हा कळलं. आता डिटेक्शनचे रूल लिहितो, म्हणजे अलर्ट कशावर वाजावा ते ठरवतो. कॉलेजात असताना या कामाचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं, त्यामुळे तू आत्ताच आयुष्यभराची लाइन ठरवायला बसलायस ते सोड, पहिली दोन वर्षं कुठलं रटाळ काम सहन होईल एवढंच बघ.

कारण रटाळ काम सगळीकडे आहे. पेनटेस्टिंग, म्हणजे आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातीत व्हीएपीटी, बाहेरून लई भारी दिसतं पण निम्मा जीव रिपोर्टमध्ये जातो. ओएससीपी या पेनटेस्टिंगच्या सर्टिफिकेटची परीक्षाच बघ ना, २३ तास ४५ मिनिटं मशीन फोडायची आणि त्यानंतर रिपोर्ट लिहायला अजून २४ तास. यूआरएलमधला आकडा बदलला की दुसऱ्याचं बिल दिसतं हे सापडायला पाच मिनिटं लागतात, ते डेव्हलपरला पटेल असं लिहायला अर्धा दिवस. लिहायचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नको.

एसओसीत शिफ्ट आहे, झोपेचं खोबरं होतं, पण फ्रेशरला दार उघडं मिळायचा चान्स माझ्या मते तिथेच जास्त. सर्ट-इन म्हणजे सायबर हल्ल्यांचं बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने कंपनीने हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे, मग रात्री कुणीतरी जागं लागणारच. आपल्या पुण्यात कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले ना २०१८ मध्ये, ते सुरू झालं तो दिवस शनिवार होता. चोर काय ऑफिस टाइम बघून येत नाहीत.

क्लाऊड सिक्युरिटी आत्ता नको, स्पष्टच सांगतो. ज्याला एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊडवर, साधा सर्व्हर उभा करून त्याच्या परमिशन कुणाला कशा दिल्यात ते सांगता येत नाही तो राखणार काय? आधी वर्षभर क्लाऊडचं काम कर, मग ये.

आणि तू जीआरसीचं नावच घेतलं नाहीस, म्हणजे ऑडिट, पॉलिसी, आयएसओ २७००१ हे सिक्युरिटीचं स्टँडर्ड वगैरे. पोरं कारकुनी म्हणून नाक मुरडतात, पण डेटा प्रोटेक्शनचा कायदा २०२३ चा आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यामुळे हे काम वाढणार असं मला तरी वाटतं. कोडिंग जमत नसेल आणि माणसांशी नीट बोलता येत असेल तर जरूर बघ.

आता ९० हजार. भरू नको. वेबसाइट फोडायच्या सरावाला पोर्टस्विगरच्या वेब सिक्युरिटी अकॅडमीचे लॅब फुकट आहेत, नेटवर्कवरून काय जातंय-येतंय ते बघायला वायरशार्क फुकट आहे, एक महिना आलटून पालटून दोन्ही कर, कशात जेवायचं भान राहत नाही ते आपोआप कळेल. तरी भरायचेच असतील तर क्लासवाल्याकडे मागच्या बॅचच्या तीन मुलांचे नंबर माग आणि त्यांना फोन करून विचार की आत्ता कुठे आहात. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर त्या पैशातून लॅपटॉपची रॅम वाढवून घे, व्हर्च्युअल मशीन चालवायला तीच कामाला येईल.