मुखपृष्ठ चौथ्यांदा परत आलं, म्हणून चित्रकला सोडायची?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत 'ए' ग्रेड होती. आमच्या इथल्या एका निवृत्त गुरुजींनी आठवणींच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ तिला करायला दिलं. चार वेळा चित्र केलं, चारही वेळा बदल सांगितले. आता रडून म्हणते, 'मला काही येत नाही, मी बी.एस्सी.च करते.' यात पोट भरतं का, ही शंका मलाही आहेच. चारही चित्रं सोबत पाठवतोय. – एक वडील, वेंगुर्ले

उत्तर : सप्रेम नमस्कार. चित्रं आधी मोबाईलवर अंगठ्याएवढी करून पाहिली, कारण आज बरेच वाचक पुस्तक पहिल्यांदा तेवढंच पाहतात. पहिल्या चित्रात बंदर, होड्या, माड, कौलारू शाळा, सूर्यास्त आणि कोपऱ्यात गुरुजी. हात छान आहे, पण अंगठ्याएवढ्या आकारात सगळा गिचमिड काला. पुस्तकाचं नाव उरलेल्या जागेत कोंबलंय. दुसऱ्यात नाव दोन ओळींत घेतलं, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकला. देवनागरीला वरखाली ऐसपैस जागा लागते. ती चित्र काढायच्या आधी राखायची असते.

चौथं चित्र मात्र मी बराच वेळ पाहत बसलो. शाळेच्या पडवीत खुंटीला अडकवलेली ओली छत्री, खाली पाण्याचं थारोळं, बस्स. गुरुजी कुठेच नाहीत आणि तरी आहेत. पहिल्या चित्रापासून इथवर ती आली ती त्या 'बदलां'मुळेच. तिला जे अपयश वाटतंय तेच या धंद्यातलं रोजचं काम आहे, आणि ते तिला जमतंय.

म्हणजे सांगितलेला प्रत्येक बदल मुकाट करायचा असं नाही. गुरुजी आता 'एखादा माड घाला' म्हणतायत ना? त्यांना माड नकोय. मुखपृष्ठ आपल्या गावाचं वाटत नाही, ही त्यांची तक्रार आहे. लोक दुखणं सांगत नाहीत, औषधच सांगतात. तेव्हा 'काय कमी वाटतं?' असं विचारावं. पडवीला जांभ्या चिऱ्याची भिंत दिली तर माडाविनाही काम भागेल. पुढच्या वेळी रंगाला हात लावण्याआधी पेन्सिलीची सात-आठ छोटी कच्ची चित्रं, प्रत्येकात नावाची चौकट आखून, दाखवावीत. किती बदल करून देणार आणि मानधन किती, हेही तेव्हाच ठरवावं. गावचे गुरुजी असले तरी!

तांत्रिक गोष्ट एकच सांगतो. थारोळ्यातला तो झगझगीत निळा स्क्रीनवर दिसतो तसा छापून येणार नाही. छपाई चार शाईंत होते, त्यात असे निळे-हिरवे मंदावतात आणि वर मॅट लॅमिनेशन (बिनचमकीचा प्लॅस्टिकचा पातळ थर) केलं की आणखी उतरतात. प्रेसकडून एक छापील नमुना मागून घ्या.

आता पोटाचं. नुसत्या मुखपृष्ठांवर घर चालवणारे फार थोडे, हे स्पष्टच सांगतो. चित्रकार दीनानाथ दलालांसारखा गोव्याकडचा माणूस मुंबईत जाऊन मुखपृष्ठांमुळे घराघरांत पोचला, पण असे विरळाच. चित्रकार बालपुस्तकं, पाठ्यपुस्तकं, जाहिराती, वेष्टनं असं सगळं करतो. तुमच्याच बाजारातली काजूची पाकिटं आणि कोकम सरबताच्या बाटल्या पाहा. बऱ्याच लेबलांना चांगल्या हाताची गरज आहे. म्हणून तिने उपयोजित कला (जाहिरात, वेष्टनं, मुखपृष्ठं अशा कामांची कला) घ्यावी. बारावीनंतर बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, चार वर्षांची, सायन्सची अडचण नाही. मुंबईचं सर जे.जे. कला महाविद्यालय आहेच (तिथलं कलाशिक्षण १८५७ पासूनचं), आणि इतक्या लांब धाडायचं नसेल तर चिपळूणजवळ सावर्ड्यालाही कला महाविद्यालय आहे. अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे चालू नियम दोन्हीकडे चौकशी करून घ्या. बारावी नीट होऊ द्या. रोज तासभर वस्तुचित्र आणि स्मरणचित्राचा सराव प्रवेश परीक्षेला उपयोगी पडतो, बी.एस्सी.चा फॉर्मही भरून ठेवा.

आणि हो, पुस्तकाची अंतिम पानसंख्या प्रेसने कळवल्याशिवाय कण्यावरचं (पुस्तकाच्या पाठीच्या पट्टीवरचं) नाव बसवायला घेऊ नका. दोनशे पानांना साध्या कागदावर कणा जेमतेम सेंटिमीटरभर होतो, आणि गुरुजी अजून दोन प्रकरणं वाढवणार असं तुमच्या पत्रावरून दिसतंय.